दोन ज्योती, चारशे मीटर: अमर जवान ज्योतीच्या स्थलांतराचा प्रकरण अभ्यास

१६ डिसेंबर १९७१. संध्याकाळी साडेचारच्या सुमारास ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. शेजारी भारताचे लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा बसले होते. तेरा दिवसांच्या लढाईनंतर सुमारे ९३ हजार युद्धकैदी भारताच्या ताब्यात आले आणि जगाच्या नकाशावर बांगलादेश हा नवा देश उमटला. त्याच दिवशी पश्चिम आघाडीवर, शकरगडच्या भागात, बसंतर नदीपलीकडे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल धारातीर्थी पडले. जन्म पुण्याचा, रेजिमेंट पूना हॉर्स, वय एकवीस. रणगाड्याने पेट घेतला होता, बाहेर पडण्याचा हुकूम वायरलेसवर आला होता. तोफ अजून चालते आहे म्हणून ते उतरले नाहीत.

आपण ही तारीख विजय दिवस म्हणून पाळतो. खेत्रपालांच्या घरात मात्र त्या तारखेचा अर्थ कायमचा बदलला. विजयाचे पेढे आणि घरातले सुतक एकाच दिवशी आले तर देशाने काय करायचे, हा या प्रकरणातला मूळ प्रश्न. भारताने त्याचे एक उत्तर १९७२ मध्ये इंडिया गेटखालच्या अमर जवान ज्योतीने दिले, दुसरे २०१९ मध्ये राष्ट्रीय समर स्मारकाने, आणि २१ जानेवारी २०२२ च्या दुपारी पहिले उत्तर दुसऱ्यात मिळवून टाकले. हा शेवटचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. तो ज्या रीतीने घेतला गेला आणि ज्या शब्दांत लोकांना समजावला गेला, ते मला आजही खटकते.

एक्केचाळीस दिवसांत

ढाक्यातल्या सहीपासून १९७२ च्या प्रजासत्ताक दिनापर्यंत मोजून एक्केचाळीस दिवस होते. तेवढ्या वेळात दिल्लीत इंडिया गेटच्या कमानीखाली काळ्या संगमरवराचा चौथरा उभा राहिला. त्यावर संगिनीवर उभी केलेली उलटी रायफल, तिच्या दस्त्यावर लष्करी हेल्मेट. चारही बाजूंना सोनेरी अक्षरांत ‘अमर जवान’. कोपऱ्यांवर चार ज्योतिपात्रे. त्यांतली एक ज्योत वर्षभर पेटती, बाकीच्या तीन २६ जानेवारीला आणि १५ ऑगस्टला पेटवायच्या. पंतप्रधान इंदिरा गांधींनी २६ जानेवारी १९७२ ला तिथे मानवंदना दिली, आणि दरवर्षी संचलनाआधी पंतप्रधानांनी तिन्ही दलांच्या प्रमुखांसह तिथे पुष्पचक्र वाहायचे असा रिवाज पडला.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एवढा मोठा विजय मिळाल्यावर राज्यकर्ते जयस्तंभ उभारतात. जिंकलेल्या तोफा मांडतात, घोड्यावरचा सेनापती उभा करतात. भारताने रणांगणावरच्या तात्पुरत्या कबरीची खूण उचलली आणि राजधानीच्या मध्यावर आणून ठेवली. सोबती पडला की त्याचीच रायफल संगिनीसकट जमिनीत रोवायची, वर त्याचे हेल्मेट ठेवायचे आणि पुढे सरकायचे. सैनिकांच्या जगातली ही खूण आहे. विजयाच्या वर्षात देशाने मिरवण्यासाठी ती निवडली, यात मला त्या पिढीची जाण दिसते.

जागा मात्र आधीच कुणाची तरी होती. इंडिया गेटचे मूळ नाव अखिल भारतीय युद्धस्मारक. पायाभरणी १९२१ ची, उद्घाटन १९३१ चे, आराखडा एडविन लुटियन्स यांचा, उंची ४२ मीटर. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धात कामी आलेल्या सुमारे ७० हजार हिंदी सैनिकांसाठी ती कमान बांधली गेली. तिच्यावर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. म्हणजे १९७२ चा चौथरा एका जुन्या, परक्या सत्तेने बांधलेल्या शोकस्थळाच्या छायेत उभा राहिला. वर १९१४ ते १९२१ या काळातल्या सैनिकांची नावे, खाली १९७१ चा निनावी जवान. वर नाव आहे पण ते वाचणारे कुणी नाही, आणि खाली नमस्कार करणारे लाखो आहेत पण नावच नाही, अशी ही जोडी पन्नास वर्षे एकत्र राहिली.

त्या पन्नास वर्षांत ज्योतीने लोकांच्या मनात घर केले. शाळेच्या सहलीत दिल्ली पाहिलेल्या कुणालाही विचारा, लाल किल्ल्यातली दालने आठवणार नाहीत, पण उलटी रायफल आठवते. २००६ पर्यंत ज्योत गॅसच्या सिलिंडरवर जळायची, नंतर पाइपचा गॅस आला. तिन्ही दलांचे जवान तिथे पहाऱ्याला असत. संध्याकाळी इंडिया गेटच्या हिरवळीवर गर्दी असायची, मुले फुगे घेऊन पळायची, आणि कमानीजवळ आली की पालकांचे आवाज आपोआप खाली यायचे.

नाव नसलेला दगड

मग अडचण काय होती? अडचण नावाची होती, आणि ती समजायला आपल्या गावातला वीरगळ पुरेसा आहे.

महाराष्ट्रात कुठल्याही जुन्या गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ सापडतो. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला स्वर्गाला नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. माथ्यावर चंद्रसूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला तर आरमारी लढाईचे वीरगळ आहेत, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या नौका कोरलेले. पण बहुतेक वीरगळांवर नाव नसते. कोण पडला, कशासाठी पडला, हे तेव्हा अख्ख्या गावाला ठाऊक होते, म्हणून ते कोरायची गरज कुणाला वाटली नसावी. चार-पाच पिढ्या गेल्या आणि ठाऊक असणारेच संपले. आज कुठे त्या दगडाला शेंदूर लावून म्हसोबा म्हणतात, कुठे तो देवळाच्या पायरीला लागलेला असतो, कुठे त्यावर धुणे आपटतात. चंद्रसूर्य माथ्यावर तसेच आहेत. माणूस हरवला.

इंग्रजांनी पहिल्या महायुद्धानंतर गावोगावी दगडी पाट्या बसवल्या. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारख्या गावांत घरटी माणूस पलटणीत, त्यामुळे तिकडे हा प्रकार अनोळखी नाही. या पाट्यांची ठराविक भाषा अशी की या गावातून इतके जण महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. नुसते आकडे. घरातला मुलगा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, राहिला आणि गावाच्या पाटीवर तो एक अंक झाला.

१९७१ च्या घरांचे दुःख याच जातीचे होते, आणि याला एक व्यावहारिक कारणही आहे. कारगिलच्या लढाईपासून, म्हणजे १९९९ पासून, हुतात्म्याचे पार्थिव गावी पाठवण्याची पद्धत रूढ झाली. तिरंग्यात गुंडाळलेली पेटी, गावभर रांगोळ्या, बंदुकीच्या फैरी हे सगळे आपण तेव्हापासून पाहतो आहोत. त्याआधी अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीच्या जवळच उरकले जात. घरी तार यायची, काही दिवसांनी सामानाची पेटी यायची. आईला शेवटचे तोंड पाहायला मिळायचे नाही. ९ डिसेंबर १९७१ ला दीवजवळ आयएनएस खुकरी बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडायला तयार झाले नाहीत. या १९४ घरांसाठी तर राख नाही, माती नाही, काहीच नाही. अशा घराला देश काय देऊ शकतो? पेन्शन देतो, पदक देतो. पण बोट ठेवून ‘हा आमचा’ म्हणता येईल अशी जागा १९७२ च्या चौथऱ्याने दिली नाही. तो चौथरा सगळ्यांचा होता आणि म्हणून कुणा एकाचा नव्हता.

स्वतंत्र राष्ट्रीय युद्धस्मारक हवे ही सैन्यदलांची मागणी १९६० सालची. म्हणजे १९६२ च्या, १९६५ च्या आणि १९७१ च्याही आधीची. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली ऑक्टोबर २०१५ मध्ये. पंचावन्न वर्षे. या मधल्या काळात कितीतरी वीरमाता, वीरपत्नी गेल्या. या विलंबावर यापेक्षा जास्त लिहिण्यासारखे काही नाही, आणि लिहिताना हात जड होतो.

चक्रव्यूह

राष्ट्रीय समर स्मारकाचे लोकार्पण २५ फेब्रुवारी २०१९ ला झाले. इंडिया गेटजवळ सुमारे ४० एकर जागा, खर्च सुमारे १७६ कोटी रुपये. खुल्या स्पर्धेतून निवडलेला आराखडा चेन्नईच्या योगेश चंद्रहासन यांचा. इंडिया गेटची आणि त्यामागच्या छत्रीची दृष्टिरेषा अडू नये म्हणून स्मारक मुद्दाम खाली, जमिनीच्या पातळीला धरून बसवले आहे. दुरून ते जवळजवळ दिसतच नाही. आपल्याकडे स्मारक म्हटले की उंचीची स्पर्धा सुरू होते, त्यात हा संयम मला फार भावतो.

एकात एक अशी चार वर्तुळे आहेत. मध्यभागी अमर चक्र, त्यात साडेपंधरा मीटरचा स्तंभ आणि त्याच्या पायाशी ज्योत. त्याबाहेर वीरता चक्र. तिथे काशाची सहा भित्तिशिल्पे आहेत: तिथवाल, रेझांग ला, लोंगेवाला, गंगासागर, कराची बंदरावरचा नौदलाचा हल्ला म्हणजे ऑपरेशन ट्रायडंट, आणि सियाचीनचे ऑपरेशन मेघदूत. सर्वांत बाहेर झाडांचे रक्षक चक्र. आणि वीरता चक्र व रक्षक चक्र यांच्या मध्ये जे वर्तुळ आहे, त्याचे नाव त्याग चक्र. सगळ्या स्मारकाचा जीव तिथे आहे.

त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या भिंती आहेत, चक्रव्यूहासारख्या रचलेल्या. प्रत्येक दगडी विटेवर एक नाव, हुद्दा, पलटण. लोकार्पणाच्या वेळी अशी २५,९४२ नावे होती. १९४७-४८ चे काश्मीर, गोवा, १९६२, १९६५, १९७१, श्रीलंका, सियाचीन, कारगिल, आणि घोषित युद्ध नसताना चकमकींत गेलेले असंख्य. जून २०२० मध्ये गलवानला गेलेले वीस जणही पुढे या भिंतींवर आले. मेजर असो की शिपाई, वीट सारख्याच मापाची. परमवीर चक्र मिळालेल्या एकवीस जणांचे अर्धपुतळे वेगळ्या परम योद्धा स्थळावर आहेत, पण भिंतीवर कुणाची वीट मोठी नाही.

तिथे उभे राहिले की माणसे काय करतात ते पाहावे. आधी चालत राहतात. मग कुठेतरी थांबतात. आडनाव ओळखीचे वाटते, किंवा आपल्या भागातली पलटण दिसते, मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट. मग हात वर जातो आणि बोटे अक्षरांवरून फिरतात. स्मारकात रोज संध्याकाळी एका हुतात्म्याच्या घरच्या माणसाला बोलावून त्याच्या हस्ते पुष्पचक्र वाहिले जाते. बिगूल वाजतो. पंतप्रधानांनी वर्षातून एकदा वाहिलेले पुष्पचक्र आणि एखाद्या खेड्यातल्या म्हातारीने त्या एका संध्याकाळी वाहिलेले पुष्पचक्र, यांत मला दुसरे जड वाटते. १९७२ च्या चौथऱ्याजवळ तिच्यासाठी अशी जागा नव्हती.

२१ जानेवारी २०२२

आता प्रकरणाचा गाभा. लोकार्पणानंतर जवळपास तीन वर्षे दोन्ही ज्योती तेवत होत्या, एकमेकींपासून सुमारे चारशे मीटरवर. २०१९ मध्ये लष्कराच्या वतीने सांगितले गेले होते की इंडिया गेटवरची ज्योत आपल्या इतिहासाचा भाग आहे आणि ती तशीच राहील. २६ जानेवारी २०२० ला पंतप्रधानांनी पुष्पचक्र वाहिले ते नव्या स्मारकावर. रिवाज हलला, ज्योत राहिली. २०२१ हे १९७१ च्या विजयाचे पन्नासावे वर्ष. नव्या स्मारकाच्या ज्योतीवरून चार विजय मशाली पेटवून देशभर फिरवल्या गेल्या आणि १६ डिसेंबर २०२१ ला परत तिथेच मिळाल्या.

त्यानंतर सव्वा महिन्याने, प्रजासत्ताक दिनाच्या तोंडावर, बातमी आली की इंडिया गेटची ज्योत राष्ट्रीय समर स्मारकाच्या ज्योतीत मिळवणार. दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, एअर मार्शल बलभद्र राधाकृष्ण यांच्या हस्ते छोटासा समारंभ झाला. अमर जवान ज्योतीवरून मशाल पेटवली, जवान ती संथ पावलांनी घेऊन गेले, अमर चक्रातल्या ज्योतीला लावली. पन्नास वर्षांची एक गोष्ट एका दिवसाच्या पूर्वसूचनेवर संपली.

वाद लगेच पेटला, आणि तो एका शब्दाभोवती फिरत राहिला. विरोधक म्हणत, ज्योत विझवली. सरकार म्हणे, विझवली नाही, विलीन केली. दिल्लीच्या वाहिन्यांवर हा शब्दच्छल वाटला असेल. मराठी घरात वाढलेल्या माणसाला त्यातले गांभीर्य लगेच कळते. आपल्याकडे देवापुढचा दिवा ‘विझला’ म्हणत नाहीत, ‘शांत झाला’ म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. नंदादीपात तेल घालायला घरातले कुणीतरी रात्री उठते. ज्योतीत ज्योत मिळणे हे तर संतांच्या भाषेत मोक्षाचे चित्र. त्यामुळे एकाच कृतीसाठी कुणी कुठला शब्द वापरतो, यावरून तो त्या दुःखाच्या किती जवळ उभा आहे हे समजते. सरकारने शब्द बरोबर निवडला होता. त्या शब्दाला साजेसा वेळ मात्र दिला नाही.

माजी सैनिकांतही मते दुभंगली. एका बाजूचे म्हणणे होते की राष्ट्राचे स्मरणस्थळ एकच असावे. १९७१ च्या हुतात्म्यांची नावे जिथे आहेत तिथेच त्यांची ज्योत हवी. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की दोन ज्योती तेवल्याने कुणाचे काय बिघडते? ज्यांनी १९७२ मध्ये तिथे सलामी दिली, ज्यांचे सोबती त्या लढाईत गेले, त्यांच्यासाठी ती जागाच पवित्र आहे, तिचा गॅस कुठल्या नळातून येतो याला महत्त्व नाही. दोन ज्योतींची देखभाल अवघड आहे असेही एक कारण पुढे आले. ते कारण मला लाजिरवाणे वाटते. एवढ्या मोठ्या देशाला दोन दिवे सांभाळता येत नाहीत हे कुणी म्हणू नये.

नावांचा मुद्दा मला पूर्ण पटतो, ते वर आलेच आहे. वीरगळाचे जे झाले ते १९७१ च्या जवानाचे होऊ नये, एवढे एक कारण स्थलांतराला पुरेसे होते. पण सरकारी समर्थनात त्याला आणखी एक वाक्य जोडले गेले: इंडिया गेटवर कोरलेली नावे पहिल्या महायुद्धात आणि अफगाण युद्धात इंग्रजांसाठी लढलेल्यांची आहेत, ती वसाहतकाळाची खूण आहे. हे वाक्य माहिती म्हणून खरे आहे. कारण म्हणून ते मला झोंबते.

कारण ही नावे कुणाची आहेत? इंडिया गेटवरचा लेख नीट वाचला तर कळते की फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका, गॅलिपोली इथे पडलेल्यांना तो वंदन करतो, पण कोरलेली नावे मुख्यतः हिंदुस्थानात, वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. बाकीच्यांची नावे बसऱ्याला, फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलला, अशी जगभर विखुरलेली आहेत. सहाव्या पूना डिव्हिजनमधून मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कुतच्या वेढ्यात महिनोन्‌महिने उपासमारीत अडकल्या, २९ एप्रिल १९१६ ला शरण जावे लागले आणि मग वाळवंटातून कैदेत चालत नेताना माणसे रस्त्यात पडत गेली. ती साताऱ्याची, रत्नागिरीची, कोल्हापूरची शेतकऱ्याची पोरे होती. दुष्काळ, सावकार, घरातली तोंडे, म्हणून पलटणीत गेली. राज्य कुणाचे आहे हे ठरवणे त्यांच्या हातात नव्हते. त्यांना ‘इंग्रजांसाठी लढलेले’ या दोन शब्दांत बाजूला सारणे म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा परदेशात पुरणे आहे.

निर्णय घेणाऱ्यांना वेगळी वाट सहज घेता आली असती. १६ डिसेंबर २०२१ ला, सुवर्णमहोत्सवाच्या मुख्य दिवशी, १९७१ चे हयात सैनिक आणि हुतात्म्यांची घरे बोलावून ही मशाल नेता आली असती. चार विजय मशाली त्या दिवशी तिथे येतच होत्या. पाचवी अमर जवान ज्योतीची. वर्षभर आधी जाहीर केले असते तर वृद्ध सैनिकांना कमानीखाली शेवटचे उभे राहून घेता आले असते. विलीनीकरण या शब्दाला तेव्हा वजन आले असते. प्रत्यक्षात त्याच शुक्रवारी इंडिया गेटच्या छत्रीत नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा पुतळा बसवण्याची घोषणा झाली आणि दोन्ही बातम्या एकमेकींत अडकल्या. ज्योतीला तिचा स्वतःचा दिवस मिळाला नाही.

२७ मे २०२२ ला उलटी रायफल आणि हेल्मेटही नव्या स्मारकात हलवले गेले. आता ते परम योद्धा स्थळावर, एकवीस अर्धपुतळ्यांच्या मध्ये आहे. अरुण खेत्रपालांचा अर्धपुतळा तिथेच आहे, आणि त्यांच्याच रेजिमेंटचे, १९६५ मध्ये पडलेले लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचाही. परमवीर चक्राचे पदक घडवणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर जन्माने युरोपीय, लग्नाने मराठी. त्यांनी त्यावर इंद्राचे वज्र घेतले, दधिचीच्या अस्थींपासून झालेले. त्या सगळ्यांच्या मध्ये तो निनावी जवान आता उभा आहे, हे मला बरोबर वाटते. निदान त्याला सोबत मिळाली.

इंडिया गेटच्या कमानीखालची जागा मात्र ओकी झाली. वरची तेरा हजार नावे तशीच आहेत, आणि वर पाहणारे पूर्वीपेक्षाही कमी झाले आहेत, कारण पूर्वी निदान ज्योतीच्या निमित्ताने लोक कमानीपाशी थांबत. महायुद्धाच्या शताब्दीच्या सुमारास युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन या संरक्षणविषयक अभ्याससंस्थेच्या पुढाकाराने झेंडूचे फूल हे भारतीय सैनिकांच्या स्मरणाचे चिन्ह म्हणून पुढे आले. खंडेनवमीला आपण शस्त्रांना झेंडूच वाहतो, त्यामुळे ते आपल्याला नवे नाही. वर्षातून एक दिवस, पहिले महायुद्ध थांबले त्या ११ नोव्हेंबरला, राष्ट्रीय समर स्मारकावरून एक छोटी तुकडी झेंडूचा हार घेऊन चारशे मीटर उलट दिशेने चालत इंडिया गेटपर्यंत यावी, आणि त्या नावांपैकी काही नावे मोठ्याने वाचली जावीत. तेरा हजार नावे एका दिवशी होणार नाहीत. दरवर्षी शंभर वाचली तरी सव्वाशे-दीडशे वर्षे पुरतील.